आमचे फोटो, आमचा इतिहास आणि एक हार्ड डिस्क

१

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या रस्त्याने मुंबईच्या दिशेला निघाले की थोड्याच अंतरावर देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते आणि मूर्तीही रंगूनहून आणलेली होती. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. म्हणजे धम्मक्रांतीची एक पायरी आमच्या या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आधीच घातली गेली होती. त्या वेळी पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना नुकताच उभा राहत होता आणि निगडी हे एक खेडे होते. प्राधिकरण १९७२ साली आले, महानगरपालिका १९८२ साली झाली. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून येथे आले. मी टूलरूममध्ये फिटर म्हणून हयात काढली आणि आता वस्तीतल्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते.

देहूरोडच्या त्या दिवसाचा एक फोटो मी माझ्या हातात धरलेला आहे. त्यात बाबासाहेब नाहीत. मांडवाच्या कडेला अकरा माणसे उभी आहेत. सात पुरुष, तीन बाया आणि एक परकरी पोर. फोटो माझ्या जोडीदार कामगाराच्या आईने लुगड्याच्या घडीतून काढून दिला. त्या आजींचे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करीत. त्या परकऱ्या पोरीवर बोट ठेवून आजी म्हणाल्या, "ही म्या. अन् ह्यो माजा बा. ह्याच्या शेजारी हाय त्यानं पंधरा दिस माती वाह्यली, पर फोटूत हसला न्हाई." मग त्यांनी अकराही जणांची नावे, गावे आणि कोण कोणाचा कोण, असे सगळे सांगितले. आमच्या वाचनालयातल्या एका पोराने ते संगणकावर उतरवून घेतले.

ही २०१९ सालची गोष्ट. ओटा स्कीम, यमुनानगर, देहूरोड येथल्या घरांतून आम्ही त्या वर्षी सुमारे अकराशे फोटो गोळा केले. लग्नांचे, जयंतीच्या मिरवणुकांचे, गेट मीटिंगांचे, नामांतराच्या मोर्च्यांचे, पहिल्या पगारात काढलेले. एकेक फोटो स्कॅन केला आणि मूळ फोटो ज्याचा त्याला इमानाने परत केला. आमच्या प्रामाणिकपणाचा आम्हांला अभिमान वाटला. अकराशे फोटो आणि त्यांची नावे एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवली. ती डिस्क लोखंडी कपाटात कुलूपबंद केली आणि 'आता इतिहास सुरक्षित झाला' असे भाषण मीच केले.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आजी गेल्या. त्यांचे घर नव्याने बांधायला काढले तेव्हा जुन्या पेटीतले सामान रद्दीबरोबर गेले. त्यातच तो फोटोही गेला. घरच्यांना वाटले, वाचनालयात आहेच. त्याच पावसाळ्यात एका मुलाने डिस्क संगणकाला जोडली. वायरीत कोणाचा तरी पाय अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. उचलून पुन्हा जोडली तर आतून टक टक असा आवाज येऊ लागला. एवढेच. त्या आवाजात आमच्या वस्तीची पासष्ट वर्षे बंद झाली होती.

लोकवर्गणी काढून आम्ही ती दुरुस्तीला दिली. निम्म्याहून थोडे अधिक फोटो परत आले. देहूरोडचा फोटो आला तो अर्धा. वरची डोकी दिसतात, खाली करडा पट्टा आहे. परकरी पोर त्या पट्ट्याखाली गेली. नावांची फाइल मात्र आलीच नाही. अकरांपैकी चार नावे मला आठवतात. उरलेली सात माणसे माझ्या हातून दुसऱ्यांदा अनाम झाली.

'दुसऱ्यांदा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

२

आपल्या माणसांचे फोटो प्रथम कोणी काढले? राज्यकर्त्यांनी. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला या देशातील माणसांची मोजदाद करण्याची निकड भासू लागली. 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा फोटोग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाला तो याच वृत्तीतून. त्यात या देशातील जाती-जमातींचे शेकडो फोटो आहेत. माणूस समोर उभा आहे, डोळे तुमच्याकडे लावून आहे; पण बहुतेक फोटोंखाली त्याचे नाव नाही, त्याच्या जातीचे नाव आहे. राजे-सरदारांना तेवढे नाव मिळाले. बाकीच्यांचा 'नमुना' झाला. कॅमेऱ्याने चेहरा घेतला आणि नाव गाळले.

गावगाड्यात तरी काय वेगळे होते? वतनाच्या कागदात आमची नोंद येते ती कामापुरती. आमच्या आज्या-पणज्यांची नावे कोणत्या दप्तरात शोधावीत? ज्यांच्याकडे वाडे होते त्यांच्याकडे रुमाल बांधलेली दप्तरे होती आणि त्या दप्तरांवर पुढे इतिहास संशोधनाच्या संस्था उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे छप्पर शाकारलेली खोपटी होती त्यांचा इतिहास पावसात आणि वाळवीत गेला. म्हणून 'तुमच्याकडे पुरावा काय?' असे जेव्हा आपल्याला विचारले जाते, तेव्हा हा प्रश्न साधा नसतो. पुरावा जपायला जागा, पेटी आणि उसंत लागते. या तिन्ही गोष्टी आपल्याला पिढ्यानपिढ्या नाकारल्या गेल्या.

मग १९५४ च्या त्या फोटोत काय घडले? तेथे प्रथमच आपली माणसे आपल्या प्रसंगी, आपल्या पैशाने, आपल्या मनाप्रमाणे कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तो 'नमुन्या'चा फोटो नव्हता. नाव असलेल्या, हसावे की न हसावे हे स्वतः ठरवणाऱ्या माणसांचा तो फोटो होता. त्यातली नावे आपणच हरवली, तर तो फोटो पुन्हा त्या जुन्या ग्रंथाच्या पानावर जाऊन बसतो. 'काही दलित स्त्री-पुरुष, देहूरोड' एवढीच ओळ त्याच्याखाली उरते.

संगणकातील फोटोंची आजची स्थिती पाहा. कॅमेरा स्वतःच्या मनाने फाइलला आयएमजी आणि पुढे चार आकडे असे नाव देतो. आपण हजारो फोटो तसेच साठवतो. हीसुद्धा जातीऐवजी आकडा लिहिण्याचीच तऱ्हा आहे.

३

चळवळीचे कागद आणि चित्रे कशी गेली व कशी राहिली, हे तपासून पाहिले तर एक सूत्र हाती लागते.

१९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी आपले ग्रंथांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके आणि कागद समुद्राच्या तळाशी गेले. विम्याचे पैसे मिळाले, पण पैशाने टिपणे परत येत नाहीत. तेव्हा झेरॉक्स नव्हते, दुसरी प्रत काढणे म्हणजे पुन्हा हाताने लिहिणे. बाबासाहेबांपुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे, हे ध्यानात ठेवावे.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे अप्रकाशित लेखन पुढे कितीतरी वर्षे पेट्यांत बंद होऊन पडले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला १९७९ साली सुरुवात केली आणि वसंत मून यांनी संपादनासाठी जन्म वेचला. १९८७ साली निघालेला तिसरा खंड उघडून पाहा. 'क्रांती आणि प्रतिक्रांती' या ग्रंथाची काही प्रकरणे अपुरी आहेत, काही मिळालीच नाहीत, असे संपादकांना तेथे नमूद करावे लागले आहे. ज्या ग्रंथाने प्राचीन भारताच्या इतिहासाची फेरमांडणी केली असती, त्याचा आपल्याला सांगाडा मिळाला. एका ठिकाणी, एकाच प्रतीत, दुसऱ्याच्या कुलपाखाली असलेल्या कागदांचे हे असे होते.

याउलट उदाहरण नामदेव व्हटकर यांचे. डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा या लेखक-चित्रपटकाराने पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. त्या जनसागराची हलती चित्रे आपण आज पाहू शकतो याचे फार मोठे श्रेय त्यांचे. ना सरकारने त्यांना नेमले होते, ना कोणत्या धनिकाने. 'हे टिपले पाहिजे' एवढे त्यांना कळले होते.

तसेच कल्याणचे विजय सुरवाडे. नोकरी सांभाळून त्यांनी अनेक दशके बाबासाहेबांचे फोटो, पत्रे, कागद जमवले. आज कोणत्याही पुस्तकात, कोणत्याही भिंतीवर बाबासाहेबांचा एखादा अपरिचित फोटो दिसला, तर तो अशाच कोणा संग्राहकाच्या घरातल्या कपाटातून निघालेला असण्याचा संभव फार.

आणि जळालेले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातील आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली त्यांची मोजणी झाली. पण त्या घरांच्या भिंतींवर खिळ्याला टांगलेल्या फोटोंची, पेटीतल्या शाळेच्या दाखल्यांची, आईच्या एकुलत्या एका छायाचित्राची मोजणी कोणी केली? नुकसानभरपाईच्या तक्त्यात तसा रकानाच नसतो.

मोठ्या संस्थांकडे दिले म्हणजे भागते, असेही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अनेक जुन्या नायट्रेट फिल्मा तीत गेल्या. भारतीय सिनेमाच्या आरंभीच्या काळाचा मोठा ऐवज एका दिवसात राख झाला. सरकारी भिंत जाड असते, पण आगीला ती ओळखू येत नाही.

सूत्र असे की, जे एका ठिकाणी होते ते गेले. जे अनेकांच्या घरी, अनेकांच्या हाती होते ते राहिले. आपल्या लोकांनी गाणी जपली ती याच रीतीने. जलशातले पद एका शाहिराच्या वहीत असते तर केव्हाच संपले असते. ते शंभर बायांच्या ओठावर होते म्हणून टिकले. हार्ड डिस्कच्या बाबतीत तज्ज्ञ मंडळी जो नियम सांगतात, तो यापेक्षा वेगळा नाही.

४

नियमाकडे वळण्यापूर्वी ही डिस्क म्हणजे काय वस्तू आहे, ते पाहू. कामगाराने यंत्राची पूजा करण्याआधी ते उघडून पाहिलेले बरे.

नेहमीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक चकतीला न टेकता तिच्यावरून तरंगत असते. चकती आणि टोक यांमधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. चालू असताना ती पडली की टोक चकतीला खरवडते. आमच्या डिस्कचा टक टक आवाज तोच होता. त्या आवाजानंतर ती पुन्हा पुन्हा जोडून पाहणे ही आमची दुसरी चूक. प्रत्येक वेळी आणखी खरवडले गेले. असा आवाज आला की डिस्क ताबडतोब बंद करावी आणि जाणकाराकडे द्यावी. न पडताही ती कायम टिकत नाही. चार-पाच वर्षांनी ती म्हातारी झाली असे धरून चालावे.

एसएसडी नावाच्या नव्या ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते, त्यामुळे ती धक्का सोसते. पण तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपाने असते. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तो भार हळूहळू झिरपतो. पेनड्राइव्ह फोटो नेण्या-आणण्यासाठी ठीक, जपण्यासाठी नव्हे. शिवाय रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या पेनड्राइव्हवर लिहिलेली क्षमता खोटीही असते. दोन हजार सालानंतर लग्नाच्या आणि सभांच्या ज्या सीड्या आपण कौतुकाने ठेवल्या, त्यांतल्या कित्येक आता वाचल्या जात नाहीत आणि नव्या संगणकाला सीडी घालायची फटच नसते. वस्तू धड असूनही यंत्र बदलले की इतिहास मुका होतो.

मराठीचे स्वतःचे एक दुखणे आहे. युनिकोड रूढ होण्याआधी आपण श्रीलिपीसारख्या निरनिराळ्या फाँटमध्ये मजकूर छापला. तो फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर उघडला की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. फोटोखालच्या ओळी, नावांच्या याद्या, मासिकांचे अंक असे किती साहित्य आपल्याकडे अडकून पडले आहे! ते उघडता येते तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवले पाहिजे.

'सगळे मोबाइल कंपनीच्या क्लाउडवर आहे' असे तरुण मुले म्हणतात. क्लाउड म्हणजे आकाश नव्हे; दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीतला संगणक. २०१९ साली मायस्पेस या अमेरिकन कंपनीने कबूल केले की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिच्याकडे चढवलेले संगीत यंत्रणा हलवताना नष्ट झाले. क्लाउड वापरावा, पण एक प्रत म्हणून. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस सातबारा घरमालकाच्या कपाटात ठेवत नाही.

५

आता आम्ही काय केले ते सांगतो. यात आमची हुशारी नाही. ठेच लागल्यावर आलेले शहाणपण आहे.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रसिद्ध केलेला तीन-दोन-एक नियम आम्ही पत्करला. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आमची एक डिस्क वाचनालयात, दुसरी सोलापूरकडे एका शिक्षकमित्राच्या घरी आणि तिसरी प्रत क्लाउडवर. दोन डिस्क निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या वेळी घेतलेल्या. म्हणजे एका खेपेत दोष असला तर दोन्ही एकदम जाऊ नयेत. एक डिस्क सदैव संगणकापासून सुटी ठेवतो. संगणकात व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर जातो. सुटी ठेवलेली तेवढी वाचते.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करतो. चार बाय सहा इंचाच्या रंगीत फोटोची मूळ टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. म्हणजे आमचे अकराशे फोटो ३० जीबीच्या आत बसतात. एक टीबीच्या डिस्कचा एवढासा कोपरा! जागा नाही ही सबब येथे चालत नाही. मूळ फाइलला हात लावत नाही. वाटायला, छापायला वेगळी जेपेग प्रत करतो. फोटोची पाठही स्कॅन करतो, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख, 'चि. बाळास' असे लिहिलेले सगळे पाठीवर असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेला फोटो मूळ म्हणून घेत नाही. तेथे तो आकसतो आणि त्यातली तारखेची माहिती गळते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा असे सांगतो.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ठिकाण, मग अनुक्रमांक. १९५४-१२-२५-देहूरोड-००१, असे. वर्ष आधी असले की संगणक आपोआप कालक्रम लावतो. महिना ठाऊक नसेल तेथे शून्ये, अंदाज नाही. कोठल्याही यंत्रावर अडू नये म्हणून नावातली अक्षरे आणि आकडे रोमन लिपीत ठेवतो. फोल्डर दशकाप्रमाणे, त्यात वर्षाप्रमाणे; 'नवीन', 'नवीन २', 'इतर' अशा नावांचे फोल्डर करायचे नाहीत, असा दंडक घातला आहे.

आणि नावे! प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, गाव, प्रसंग, फोटो कोणी दिला, कोणी माहिती सांगितली, हे सर्व मराठीत, युनिकोडमध्ये, फाइलच्या आत असलेल्या माहितीच्या रकान्यात भरतो. तेच पुन्हा एका तक्त्यात. आणि तेच तिसऱ्यांदा कागदाच्या जाड नोंदवहीत, शाईने. मुले हसतात. हसोत. नोंदवहीला वीज लागत नाही. बाईचे नाव 'अमक्याची बायको' असे लिहायचे नाही; तिचे स्वतःचे नाव मिळेपर्यंत चौकशी करायची. या एका नियमाने आम्हांला किती आयांची नावे प्रथम कळली, हे सांगितले तर लाज वाटेल.

प्रत बरोबर उतरली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. टूलरूममध्ये आम्ही नग हातात घेऊन 'बरा दिसतो' म्हणत नव्हतो. गेज लावत होतो. एका बाजूने गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूने जाता कामा नये. फाइलचेही गेज असते. त्याला चेकसम म्हणतात. संगणक फाइल वाचून अक्षर-आकड्यांची एक ओळ देतो; फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती ओळ बदलते. मूळ आणि प्रत यांच्या ओळी जुळल्या तर नग पास. हे करणारी साधने फुकट मिळतात. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलच्या आठवड्यात आणि ६ डिसेंबरच्या आठवड्यात, आम्ही डिस्क काढून गेज लावतो. जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनी अभिवादन करायचे ते असेही करता येते. पाच वर्षांनी डिस्क बदलायची, ती तारीख डिस्कवरच चिकटवून ठेवली आहे.

बारीकसारीक गोष्टीही सांगतो, कारण घात तेथेच होतो. डिस्क टेबलाच्या कडेला नाही, मध्यभागी. वायर पायात येणार नाही अशी. 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय वायर उपटायची नाही. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्या दिवशी प्रती काढायला बसायचे नाही. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. डब्यावर नाव आणि दोघांचे फोन नंबर. पासवर्ड एकट्या माणसाच्या डोक्यात ठेवायचा नाही. टाळेबंदीने आम्हांला शिकवले की डोकी जातात. आणि अत्याचारग्रस्तांचे, बाधित घरांचे, ज्यांनी 'दाखवू नका' म्हटले त्यांचे फोटो वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये. सगळे जपायचे, याचा अर्थ सगळे दाखवायचे असा नाही.

खर्च? डिस्क घेण्यासाठी आम्हांला जमवावी लागलेली रक्कम जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यापेक्षा कमी होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मीही त्या मिरवणुकीत चालतो. पण ज्या मिरवणुकीचा फोटो पन्नास वर्षांनी कोणाकडे नसेल, तिच्या आवाजाचे काय करायचे?

६

या कामात एक आडकाठी यंत्राची नव्हती, मनाची होती. 'आमचे फोटो दुसऱ्याच्या गावाला कशाला?' असे आमच्यातल्याच काहींनी विचारले. माझ्याही मनात ते होते. कपाटाची किल्ली माझ्याकडे असण्यात एक सत्ता होती आणि ती सोडवत नव्हती. ज्ञानाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचणाऱ्यांविरुद्ध आपण शंभर वर्षे बोलत आलो आणि चार फोटो हाती आले तर मीही तेच केले. आमची डिस्क फरशीवर पडली हा अपघात होता. पण दुसरी प्रत नव्हती हा अपघात नव्हता. तो माझा मालकीभाव होता.

म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. आपापल्या वस्तीतली ऐंशी वर्षांची माणसे शोधा. त्यांच्यापुढे फोटो ठेवा आणि आधी नावे लिहून घ्या. स्कॅनर नंतर आणला तरी चालेल. कागद काही काळ वाट पाहतो, माणूस पाहत नाही. जे जमेल त्याच्या तीन प्रती करा आणि तिसरी अशा माणसाला द्या की जो तुमच्या गटाचा नाही, पण इमानाचा आहे.

ओटा स्कीममध्ये आम्हांला फक्त ओटा मिळाला होता, भिंती आमच्या आम्ही उभ्या केल्या. इतिहासाचेही तसेच आहे.

देहूरोडचा तो अर्धा फोटो आम्ही तीन ठिकाणी ठेवला आहे. नोंदवहीत त्याच्यापुढे चार नावे आहेत आणि सात ओळी मोकळ्या आहेत. त्या मी पुसून टाकल्या नाहीत. १९५४ च्या नाताळच्या दिवशी ज्यांच्या घरातले कोणी देहूरोडला गेले होते, त्यांनी आपल्या घरातली पेटी एकदा उघडून पाहावी. कदाचित त्याच फोटोची दुसरी प्रत तुमच्याकडे असेल आणि ती परकरी पोर तीत पूर्ण दिसत असेल.